ट्रकचा डिफरन्शियल लॉक लागत नाही? आधी हवा, मग वीज, शेवटी लोखंड



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. या दिवसांत आपण होड्या वर काढतो, इंजिनं खोलतो, जाळी शिवतो, तळाला रंग मारतो. पण ज्या ट्रकातून आपला माल मार्केटला जातो, त्या ट्रकाच्या खाली कोण वाकून बघत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस चालूच असतो, जेटीचा उतार शेवाळलेला असतो, कच्च्या रस्त्याला चिखल असतो, आणि नेमका तेव्हाच भरलेला ट्रक रुततो. ड्रायव्हर लॉकचा स्विच दाबतो. काही होत नाही.

ट्रक दोन तास अडकला तर नुकसान फक्त वेळेचं नसतं. बर्फ वितळतो. बांगडा, तारली, कुपा अशा माशांना थंडावा कमी पडला की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, आणि मासा नाकाला बरा वाटला तरी खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठतं, तोंड लाल होतं, डोकं दुखतं. म्हणजे मालाचा भाव जातो आणि आपलं नावही जातं. म्हणून आजचा धडा या एका स्विचवर. मेकॅनिक नसलेल्या माणसालाही कळेल असा लिहितोय.

लॉक म्हणजे नेमकं काय

वळणावर ट्रकचं बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली असती तर टायर घासले असते. म्हणून मधे डिफरन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो, पण जोर मात्र दोघांना सारखा वाटतो.

हे आपल्या भाषेत असं समजा. कप्पीवरून एक दोर घातलाय, त्याची दोन टोकं दोघांनी धरलीत, आणि तिसरा माणूस कप्पी ओढतोय. जोपर्यंत दोघं घट्ट धरून आहेत तोपर्यंत दोघांवर सारखा ताण येतो. एकानं टोक सोडलं की दोर सरसर पळतो, आणि दुसऱ्याच्या हातात काहीच ताण उरत नाही. त्यानं कितीही घट्ट धरलं तरी उपयोग नाही. चिखलातलं चाक म्हणजे हे सोडलेलं टोक. ते गरागरा फिरतं, आणि कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म उभं राहतं.

लॉक म्हणजे दोराला कप्पीपाशी मारलेली गाठ. गाठ मारली की एक टोक सुटलं तरी दुसऱ्यावर ताण येतो. ट्रकमध्ये ही गाठ दात्यांची असते. एक दातेरी कॉलर सरकून दुसऱ्या दात्यांत बसते आणि दोन्ही हाफ शाफ्ट एकत्र फिरू लागतात.

ही कॉलर कोण सरकवतं? हवा. रस्ता असा आहे: कॉम्प्रेसर, हवेच्या टाक्या, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह, मग लॉकचा मॅग्नेट व्हॉल्व्ह, तिथून नायलॉनचा बारीक पाइप, मग मागच्या एक्सलवरचा छोटा सिलिंडर. त्यात पिस्टन, पिस्टनला फोर्क, फोर्कमध्ये कॉलर. स्विच दाबला की मॅग्नेट व्हॉल्व्हला वीज मिळते, तो हवा सोडतो, पिस्टन पुढे जातो. स्विच बंद केला की तोच व्हॉल्व्ह पाइपातली हवा बाहेर सोडतो आणि स्प्रिंग कॉलरला मागे ओढते. जुन्या गाड्यांत मॅग्नेट व्हॉल्व्हच्या जागी केबिनमध्ये हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह असतो, तिथे वीज फक्त दिव्यापुरती.

हा रस्ता पाठ करून ठेवा. पुढची सगळी तपासणी याच रस्त्यानं टाकीपासून एक्सलकडे जायची आहे. उलटीकडून, म्हणजे एक्सल उघडण्यापासून, सुरुवात करायची नाही.

आधी वापर बरोबर आहे का ते बघा

पुष्कळ वेळा लॉक चांगलाच असतो, वापरायची पद्धत चुकते.

१. चाक गरगरत असताना स्विच दाबायचा नाही. एक चाक फिरतंय आणि दुसरं उभं आहे, अशा वेळी कॉलर दात्यांवर आपटते. दात्यांचे कोपरे उडतात, कधी हाफ शाफ्ट तुटतो. ॲक्सिलरेटर सोडा, चाकं थांबू द्या, क्लच दाबा, मग स्विच.

२. स्विच दाबल्या दाबल्या लॉक लागेलच असं नाही. दातासमोर दात आला तर कॉलर आत जात नाही. हवा तिला ढकलत उभी असते. पहिल्या गिअरात अगदी हळू, वीतभर पुढे किंवा मागे घ्या, दात जुळला की ती बसते आणि दिवा लागतो.

३. लॉक लागल्यावर सरळ चालायचं. लॉक लागलेला ट्रक वळायला नकार देतो, स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं घसरत सरळ जायला बघतात. जेटीच्या वळणाच्या उतारावर हे जीवघेणं आहे, कारण समोर पाणी असतं. वळणाचा ओला उतार असेल तर लॉकवर भरवसा ठेवू नका, वाळू किंवा गोणपाट टाका.

४. घट्ट जमीन लागली की लगेच लॉक काढा. डांबरी रस्त्यावर लॉक ठेवून चालवलं तर टायर घासतात आणि शाफ्टवर पीळ चढतो.

५. मागे दोन एक्सल असलेल्या गाड्यांत दोन वेगळे लॉक असू शकतात, एक दोन एक्सलांमधला आणि एक डाव्या-उजव्या चाकांमधला. चुकीचा स्विच दाबून 'लॉक चालत नाही' म्हणणारे ड्रायव्हर आहेत. स्विचवरचं चित्र सर्वांना एकदा दाखवून द्या.

खाली जायच्या आधी

ट्रक रिकामा, सपाट काँक्रीटवर. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी. इंजिन बंद, चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात, लागेल तेव्हाच वरच्या माणसाकडे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, घोडी लावायचीच.

आणखी एक. मागच्या चाकांजवळ हवेचे मोठे गोल डबे दिसतील, ते हँडब्रेकचे. त्यात दाबून बसवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. त्याचा पट्टा किंवा नट आपल्यापैकी कोणीही सोडवायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. आपलं काम त्या डब्यांशी नाहीच, एक्सलवरच्या छोट्या सिलिंडरशी आहे.

पहिली तपासणी: हवा

इंजिन चालू करून हवेचा काटा बघा. बहुतेक मोठ्या ट्रकांत टाकी भरल्यावर काटा ७-८ बारच्या आसपास थांबतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा धरा. प्रोटेक्शन व्हॉल्व्ह आधी ब्रेकच्या टाक्या भरतो, लॉक आणि इतर कामांना हवा नंतर मिळते. म्हणून सकाळी गाडी चालू केल्या केल्या लॉक लागला नाही तर तो दोष नव्हे. टाकी पूर्ण भरू द्या.

टाकी भरूनही लॉकला हवा नसेल तर इंजिन बंद करून कान लावा. फुस्स आवाज कुठे येतो? जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. नायलॉनचा पाइप कुठे कुठे घासतो तेही बघा: चेसिसच्या धारेवर, पाट्यांजवळ, आणि सायलेन्सरच्या उष्णतेत. आपल्याकडे क्लिप गंजून तुटतात आणि पाइप लोंबकळतो, तिथून सुरुवात होते.

टाकीखालचा पाणी काढायचा कॉक ओढा. खारी दमट हवा आहे आपली. टाकीतून पाणी किंवा तपकिरी चिखल निघाला तर समजा की एअर ड्रायर काम करत नाही. तेच पाणी आणि गंजाचे कण पुढे जाऊन मॅग्नेट व्हॉल्व्हचं बारीक भोक बुजवतात.

दुसरी तपासणी: वीज

इंजिन बंद, चावी चालू, टाकी भरलेली. एकानं केबिनमध्ये स्विच दाबायचा, दुसऱ्यानं मॅग्नेट व्हॉल्व्हजवळ कान द्यायचा.

'टक' आवाज आला आणि पाठोपाठ हवा गेल्याचं जाणवलं, तर वीज ठीक आहे. पुढच्या तपासणीकडे जा.

'टक' आलाच नाही, तर फ्यूज बघा. मग व्हॉल्व्हचा प्लग काढून टेस्ट लॅम्प लावा. मोठ्या ट्रकांत बहुधा २४ व्होल्ट असतात, दिवा तसाच घ्या. एक टोक प्लगमधल्या वायरला, दुसरं चेसिसच्या खरवडलेल्या स्वच्छ लोखंडाला. स्विच दाबल्यावर दिवा पेटला तर वीज येतेय. मग तोच दिवा प्लगच्या दोन पिनांमध्ये लावा. आता पेटला नाही किंवा मिणमिणला, तर अर्थची वायर खराब आहे. समुद्रकाठच्या गाड्यांत सर्वांत जास्त दोष इथेच सापडतो.

आपल्या संस्थेच्या ट्रकचंच उदाहरण. लॉकचा दिवा येईना, लॉक लागेना. गॅरेजवाल्यानं बाहेरूनच बघून सांगितलं की हौसिंग उघडावं लागेल, तीन दिवस गाडी उभी राहील. सीझनचे दिवस, तीन दिवस गाडी उभी म्हणजे भाड्याचा ट्रक आला. आपल्यातल्याच ट्रॉलरच्या इंजिनाचं काम करणाऱ्या एका पोरानं टेस्ट लॅम्प लावला. अर्थच्या वायरचं टोक हिरवं पडून भुकटी झालं होतं. टोक कापलं, नवा लग दाबला, ग्रीस लावलं. अर्ध्या तासात लॉक 'टक' करून लागला. ट्रॉलरवर मिठामुळे वायरी कशा खातात हे आपल्याला मेकॅनिकपेक्षा जास्त ठाऊक आहे. तेच ज्ञान ट्रकला लावायचं.

वीज आणि अर्थ दोन्ही ठीक असून 'टक' येत नसेल तर व्हॉल्व्हची कॉइल जळली असेल किंवा आतला खिळा अडकला असेल. व्हॉल्व्ह बदलावा लागतो, पण त्यासाठी एक्सल उघडावा लागत नाही.

तिसरी तपासणी: एक्सलपर्यंत हवा पोचते का

स्विच बंद ठेवून एक्सलवरच्या छोट्या सिलिंडरचा पाइप काढा. टोक कापडात गुंडाळून घट्ट धरा, तोंडापासून लांब, जमिनीकडे. वरच्याला सांगा, स्विच क्षणभर दाबून सोड. जोरात हवा आली तर टाकीपासून इथपर्यंत सगळं बरं आहे. हवा मंद आली तर पाइप चेपलेला, बुजलेला किंवा मधे गळतोय. आलीच नाही तर व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडापाशी तीच तपासणी करा, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा की पाइपचा ते कळेल.

आता पाइप परत घट्ट बसवा, स्विच दाबा आणि एक्सलच्या वर असलेल्या ब्रीदरजवळ कान द्या. ब्रीदर म्हणजे हौसिंगला श्वास घ्यायची छोटी टोपी. काही एक्सलांत पिस्टनचं सील फाटलं की हवा हौसिंगमध्ये शिरते आणि ब्रीदरमधून सूं सूं निघते. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ब्रीदर चिखलानं बंद असेल तर तीच हवा एक्सलचं ऑइल हबच्या सीलमधून बाहेर ढकलते, ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि उतारावर ब्रेक लागत नाही. असं सील फाटलं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत लॉक वापरू नका.

चौथी तपासणी: लॉक खरंच लागतो का

मागे एकच एक्सल असलेल्या ट्रकसाठी ही खात्रीची पद्धत. मागची फक्त एक बाजू जॅकवर उचला आणि घोडी लावा. बाकी सर्व चाकांना पाचरी, कारण या तपासणीत हँडब्रेक सोडावा लागतो. पाचरींची खात्री झाल्याशिवाय हँडब्रेकला हात लावू नका. टाकी भरलेली, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये.

लॉक बंद असताना उचललेलं चाक हातानं फिरवा. जड जाईल पण फिरेल, सोबत प्रोपेलर शाफ्टही फिरेल. आता लॉकचा स्विच दाबून पुन्हा फिरवा. थोडं फिरून 'खट' होऊन चाक अडलं पाहिजे, कारण आता ते जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाशी बांधलं गेलं. अडलं तर लॉक लागतो. हवा पोचतेय, ब्रीदरमधून येत नाही, आणि तरीही चाक मोकळंच फिरतंय, तर दोष आतला आहे: पिस्टन जाम, फोर्क वाकलेला किंवा दाते झिजलेले. आता हौसिंग उघडायला सांगणारा मेकॅनिक बरोबर आहे.

दोन मागचे एक्सल असतील तर ही तपासणी जाणत्या मेकॅनिकसमोरच करा.

लॉक सुटत नसेल तर

हा उलटा दोष जास्त महाग पडतो, कारण ड्रायव्हर तसाच मार्केटपर्यंत गाडी नेतो.

स्विच बंद करून सरळ रेषेत थोडं पुढे, थोडं मागे घ्या. शाफ्टवर पीळ असला की दाते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, पीळ उतरला की स्प्रिंग कॉलरला ओढून घेते. तरी सुटला नाही तर गाडी सुरक्षित जागी उभी करा, पाचरी लावा आणि स्विच बंदच ठेवून एक्सलवरचा पाइप हळूच सैल करा.

फुस्स करून हवा निघाली आणि लॉक सुटला, तर मॅग्नेट व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडत नाही. त्याचं हवा सोडायचं तोंड बघा. चिखल, मीठ, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीत कुंभारीण माशीचं घर तिथे सापडतं. स्विच चिकटून वीज सतत जात असेल तरी असंच होतं, प्लग काढून खात्री करा.

हवा निघालीच नाही आणि लॉक तसाच, तर स्प्रिंग तुटली आहे किंवा दाते चेपले आहेत. तिथे मेकॅनिकच हवा.

दिव्यावर किती विश्वास ठेवायचा

बहुतेक गाड्यांत दिव्याचा छोटा स्विच एक्सलवर असतो, कॉलर पूर्ण सरकली की तो लागतो. काही गाड्यांत मात्र दिवा फक्त केबिनमधला स्विच दाबल्याचं सांगतो. तुमची गाडी कोणती, हे वरच्या चाक उचलायच्या तपासणीत एकदा बघून ठेवा. लॉक लागतो पण दिवा येत नाही, तर एक्सलवरचा स्विच किंवा त्याची वायर बघा. ही दुरुस्ती टाळू नका, कारण दिवा नसला की लॉक लागलेलाच विसरला जातो.

केबिनमध्ये चिकटवायचा कागद

- रोज संध्याकाळी टाकीतलं पाणी काढा.
- जेटीवरून आलं की गोड्या पाण्यानं चेसिस धुवा, पण प्लगांवर आणि ब्रीदरवर थेट जोराचा फवारा नको.
- महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर, सरळ रेषेत, अगदी हळू चालवत लॉक लावून काढा. न वापरलेला पिस्टन गंजून जाम होतो.
- चाक फिरत असताना लॉक लावू नका. लॉक लावून वळू नका.
- लॉक लागला नाही तर क्रम एकच: हवेचा काटा, व्हॉल्व्हची 'टक', एक्सलवरची हवा, मग चाकाची परीक्षा.

हौसिंग उघडायचा निर्णय यापुढे मालकानं किंवा संस्थेनं या चार गोष्टी तपासून, त्या कागदावर लिहूनच घ्यावा. गॅरेजमध्ये गाडी नेताना तो कागद सोबत द्या. चांगला मेकॅनिक त्यावर रागावत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो.

३१ जुलैला अजून दिवस आहेत. ज्यांचा ट्रक आवारात उभा आहे त्यांनी एका कोरड्या दुपारी दोन माणसं, एक टेस्ट लॅम्प, साबणाचं पाणी आणि चार पाचरी घेऊन हे करून टाका. टेस्ट लॅम्प संस्थेच्या ऑफिसात ठेवला आहे, सही करून घेऊन जा आणि संध्याकाळी परत आणून द्या.

— सचिव